मागच्या दाराचं झाड

माझ्या वडिलांना कुणाच्याही घरी घेऊन जायची सोय नाही. समोर चहा येतो, यजमानीण साखर किती म्हणून विचारते, आणि हे खिडकीतल्या कुंडीपुढे गुडघ्यावर बसून एकेक पान उलटं करून भिंगातून बघत असतात. मी डोळ्यांनी खुणा करते, खाकरते, त्यांना पत्ता नसतो. शेवटी मीच म्हणते, "दोन चमचे घाला त्यांना." परतताना बसमध्ये मी मुद्दाम तोंड फिरवून बसते. निम्मा रस्ता गेल्यावर ते विचारतात, "तुला त्या पानांच्या मागची लव दिसली का गं?" मी रागावलेय हेसुद्धा ज्या माणसाला कळत नाही, त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

त्यांनी छत्तीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचले. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि पुठ्ठ्याच्या कव्हरची लांबडी वही. सकाळी सातला बाहेर पडायचे ते संध्याकाळीच घरी. लोक मीटर कुठे बसवतात ते एकदा बघायला हवं. जिन्याखाली, गोठ्यामागे, वेलींच्या जाळ्यात. त्यामुळे बाबांना गावातलं प्रत्येक झाड तोंडपाठ, फक्त नावाने नाही. "सत्तावीस नंबरवाल्यांचं ओरबाडणारं." "दवाखान्यामागचं, ज्याच्या खाली मुंग्या असतात ते." आम्ही लहान असताना घरी कुणी फूल आणलं की ते म्हणत, "हे पिवळ्या बंगल्याच्या मीटरवर लोंबतं." आईला हसू यायचं. मला तेव्हाही वैताग यायचा, कारण शाळेच्या वहीत मी असं काय लिहिणार?

पाच वर्षांपूर्वी आई गेली. तीन महिन्यांनी बाबा निवृत्त झाले. भाड्याचं तीन खोल्यांचं बैठं घर, त्यात एकटा माणूस. मी त्याच शहरात राहते, पण बसने पाऊण तासावर. माझी नोकरी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये. लोकांनी उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं, म्हणून मी सकाळी साडेसहालाच घर सोडते. मला वाटलं, बाबा घरात बसून कुढतील. कुढले असते तर परवडलं असतं, असं पुढे कितीदा वाटलं.

झालं असं की मागच्या दाराशी, पायरीच्या कडेला, आईने लावलेलं एक झाड होतं. कमरेएवढं झुडूप, गर्द पानं, बाकी काही नाही. आईने ते कुठून आणलं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी नोकरीसाठी घर सोडलं त्या वर्षी तिने ते लावलं, एवढं मला आठवत होतं. निवृत्तीनंतर बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मागचं दार उघडून खुर्ची टाकली आणि त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या गावाची झाडं आपल्याला माहीत आहेत आणि आपल्याच दारातलं हे काय आहे ते सांगता येत नाही.

मग त्यांना तो ग्रुप सापडला. दोनशे बारा माणसं, सगळी झाडवेडी, एकमेकांना झाडांचे फोटो पाठवून ओळख पटवणारी. ग्रुप चालवतात एक दंतवैद्य. त्यांची शिस्त म्हणजे शिस्त. फोटो पाच हवेत: पूर्ण झाड, पान वरून, पान मागून, देठ खोडाला मिळतो तो सांधा, आणि फूल. फूल नसेल तर कोवळा शेंडा चार पानांसकट खुडून पांढऱ्या कागदावर ठेवायचा, शेजारी पट्टी ठेवायची, आणि वरून फोटो. पट्टी विसरली की दंतवैद्य फोटो काढून टाकायला लावतात. दात काढताना ते विचारत तरी असतील, दुखतंय का म्हणून. इथे तेही नाही.

ग्रुपात शेवटचा शब्द कॉलेजवाल्या बाईंचा. त्या तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दोन शब्दांच्या वर उत्तर देत नाहीत. शिवाय एक शिंपी आहेत, त्यांना कुठल्याही झाडाचा फोटो दाखवा, ते लिहितात, "पोटाला चांगलं." एकदा कुणीतरी चुकून भिंतीवरच्या शेवाळाचा फोटो टाकला, त्यालाही. आणि एक नर्सरीवाला आहे. त्याला निम्मी उत्तरं येतात, पण तो लिहीत नाही. नाव सांगितलं की लोक दुसरीकडून आणतात म्हणे.

या मंडळींत बाबा जाऊन बसले आणि 'मीटरवाले काका' झाले. लोकांची झाडं पटापट ओळखली जायची. कुणाचं दोन मिनिटांत, कुणाचं तासाभरात. बाबांच्या झाडाची ओळख काही केल्या पटेना. पहिल्या महिन्यात त्यांनी चार फोटो आणि शेंडा पाठवला. सात जणांनी सात नावं सांगितली. दुसऱ्या महिन्यात नऊ. बाई म्हणाल्या, "फुलाशिवाय नाही." बाबांनी विचारलं, "तरी पण अंदाज?" बाई म्हणाल्या, "अंदाज नाही."

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. बाबांनी दर रविवारी ताजा शेंडा खुडून कागदावर ठेवून फोटो टाकायला सुरुवात केली. पट्टीसकट. हे मला माहीत होतं, कारण फोटो काढण्याआधी मला फोन यायचा. "अगं, कागदावर सावली पडतेय, काय करू?" रविवार हा माझा एकच सुट्टीचा दिवस. डोक्यावरून पांघरूण घेऊन मी म्हणायची, "बाबा, खिडकीपाशी ठेवा." दहा मिनिटांनी परत फोन. "खिडकीपाशी वारा येतोय." माझा नवरा कूस बदलून म्हणायचा, "त्यांना म्हणावं, झाडच पाठवून द्या लॅबमध्ये, रक्त तपासून सांगू."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी घरमालकाने सांगितलं की घर पाडून नवीन बांधायचंय, जागा सोडा. मालक भला माणूस, सहा महिने दिले. मी तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरातली गॅलरीशेजारची खोली रिकामी केली, पडदे लावले, भिंतीत खिळे ठोकून घेतले. बाबा म्हणाले, "येतो की. झाडाचं नाव कळू दे, मग येतो."

"बाबा, झाडाच्या नावाचा आणि इकडे येण्याचा काय संबंध?"

"नाव कळलं तर नर्सरीतून तेच दुसरं आणता येईल. नाही कळलं तर काय आणू? हिरवं झाड द्या म्हणू?"

"हेच उचलून आणू."

त्यांनी नर्सरीवाल्याला बोलावून घेतलं. त्याने पायरीशी पहारीने उकरून बघितलं आणि हात झटकले. मुळं पायरीखालून भिंतीच्या पायात गेली होती. उचललं तर वाचायचं नाही. फांद्या लावून बघा म्हणाला. बाबांनी आठ फांद्या आठ पेल्यांत लावल्या, आठही कुजल्या. घरात पाणी प्यायला पेला उरला नव्हता. मी नर्सरीवाल्याला स्पष्ट विचारलं, "तुम्हाला नाव माहीत आहे का? असेल तर सांगा, मी झाड तुमच्याकडूनच घेईन, शपथ." तो कान पकडून म्हणाला, "खरंच नाही माहीत ताई. फूल दिसलं असतं तर सांगितलं असतं."

सहा महिने संपले. मालकाने आणखी दोन दिले. तेही संपत आले. मालक मला फोन करून विचारायचा, बाबांना नाही, आणि मी खोटंनाटं सांगायची. पाय दुखतोय, सामान फार आहे. 'माझे वडील एका झुडपाच्या नावासाठी अडून बसलेत' हे वाक्य मला तोंडातून काढवत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. नाव नाहीच कळलं आणि घर पडलं, तर हा माणूस त्या ढिगाऱ्याकडे बघत मनातून पार खचेल, असं मला वाटत होतं.

शेवटी एका रविवारी बाबांच्या घरी बसून मी स्वतःच ग्रुपात शिरले आणि लिहिलं, काय ते एकदा सांगून टाका, आमचं घर जातंय.

बाईंनी लगेच विचारलं. "फुलाचा रंग?"

मी बाबांकडे बघितलं. ते समोरच बसले होते. "बाबा, रंग कोणता?"

"मला कुठे माहीत?"

"याला फूल येतं तरी का?"

"येतं. तुझी आई सांगायची ना. वर्षातून एकदा, आठदहा दिवस. सकाळी यायचं आणि दुपारी गळायचं. मी संध्याकाळी घरी आलो की ती म्हणायची, अहो, आज आलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

बाबा भिंग पुसत बसले. "बरं म्हणायचो. आणि जेवायला बसायचो."

"आणि रविवारी?"

"रविवारी मी दहापर्यंत झोपायचो. उठलो की पुढच्या खोलीत. मागचं दार तुझ्या आईचं, ती तिथे धुणं वाळत घालायची. मी तिकडे कशाला जाईन?"

मी भडकणार होते. तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात आठवलं. आई मलाही फोनवर सांगायची. "आज आलं होतं गं." मी बसमध्ये असायची, नाही तर लॅबमध्ये, खांदा आणि कान यांच्यात फोन धरलेला. मी म्हणायची, "हो का, छान. आई, मी नंतर करते." काय आलं होतं, कोणत्या रंगाचं, मी एकदाही विचारलं नव्हतं. मी ग्रुपात लिहिलं, रंग माहीत नाही. बाईंनी लिहिलं, "तुमच्याच दारातलं ना?" मला बाईंचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

राग कुठेतरी काढायचा म्हणून मी कपाट आवरायला घेतलं. कंपनीत आकडे टिपायची यंत्रं आली तेव्हा रद्दीत निघालेल्या कोऱ्या वह्या बाबांनी घरी आणून ठेवल्या होत्या. वरची उघडली तर त्यातून वाळलेलं काहीतरी मांडीवर पडलं. शेंडा. पान उलटलं, आणखी एक. प्रत्येक पानावर एक शेंडा चिकटपट्टीने लावलेला, खाली तारीख. मीटरच्या आकड्यांसाठी आखलेल्या रकान्यांत तीन वर्षांचे सगळे रविवार. बाबांच्या अक्षरात तिथे लिहिलेलं होतं, मीटरच्या आकड्यांसारखंच, 'मागील' आणि 'चालू'.

"हे काय आहे?"

"फोटो झाला की टाकून कशाला द्यायचा? लावून ठेवतो. फरक पडला तर कळेल."

मी सगळ्या वह्या जमिनीवर उघडून पसरल्या, स्टुलावर चढून फोटो काढला आणि ग्रुपात टाकला. म्हटलं बघा एकदा, तुमच्या नियमापायी हा माणूस काय करत बसलाय ते.

मग बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एवढं लांब लिहिलं असेल. "एवढे शेंडे कुणी तोडले? कळी शेंड्यालाच धरते ना! दर आठवड्याला शेंडे खुडले तर फूल येणार कुठून?"

दंतवैद्यांनी लिहिलं, शेंडा एकदाच पाठवायचा असतो. मी लिहिलं, एकदाच असं तुमच्या नियमात कुठे आहे? त्यांनी नियम परत टाकला. त्यात नव्हतं. कुणीतरी लिहिलं, काकांचं चुकलंच. दुसऱ्या कुणी लिहिलं, चूक आपल्या सगळ्यांची, तीन वर्षं दर रविवारी आपणच शाबासकीचे अंगठे पाठवत होतो. शिंप्यांनी लिहिलं, शेंडे पोटाला चांगले. मी कपाळावर हात मारून घेतला. रोज साठ माणसांच्या हाताला सुई लावते मी, पण एकाच माणसाला दर आठवड्याला टोचून वर 'तुम्ही अशक्त का दिसता' असं विचारत नाही!

बाबांनी मात्र वह्या एकेक करून मिटल्या, एकावर एक रचल्या. मग उठून मागच्या दाराशी गेले आणि झाडाला म्हणाले, "अरेच्चा." एवढंच. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं ते ओरडता आलं नाही.

बाईंनी बजावलं, आता हात लावायचा नाही. हंगाम तोंडावर असेल तर महिन्याभरात कळी धरेल, नाही तर नाही. मी मालकाकडे जाऊन या वेळी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "एक महिना. त्यापुढे मजूर ठरलेत, माझाही इलाज नाही."

त्या महिन्यात माझ्या नाकी नऊ आले. दोनशे बारा माणसं रोज सकाळी विचारायची, आली का कळी? बाबा रोज लिहायचे, नाही. झाडापासून हातभर अंतरावर त्यांनी खुर्ची ठेवली होती आणि स्वतःच्या हातांवर विश्वास नसल्यासारखे ते हात मांडीखाली घेऊन बसायचे. तिसऱ्या आठवड्यात शेंड्यांना टोकं फुगलेली दिसली. दंतवैद्यांनी दवाखाना उघडण्याआधी स्वतः येऊन कळ्या मोजल्या. पाच.

महिना संपायला सहा दिवस असताना, सकाळी पावणेआठला, मी एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत असताना फोन वाजला. बाबा कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत, सुई बाजूला ठेवून मी घेतला.

"जांभळं आहे गं," बाबा म्हणाले. "फिकट जांभळं. आत गडद रेघा आहेत."

"फोटो काढला?"

"हं?"

"बाबा, फोटो! पाचवा फोटो! लगेच काढा."

"हो हो," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी ग्रुप बघितला, काही नाही. फोन केला. म्हणाले, "राहिला." सकाळपासून फूल गळून पडेपर्यंत ते खुर्चीवर बसून राहिले होते. दीड वाजता ते पडलं, तेव्हा फोन घरात कुठे आहे ते शोधायला उठले. तीन वर्षं, दोनशे बारा माणसं, मालकापुढे पसरलेला माझा पदर, आणि हे म्हणतात, राहिला! मी लॅबच्या जिन्यात उभी राहून एवढी ओरडले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, अकरा वर्षं ती एकटीच बघत होती. एक दिवस मीही नुसतं बघितलं." मग मला रडू आलं, पण ते मी त्यांना कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी कळी उमलली. त्यांनी फोटो टाकला. अकरा मिनिटांत बाईंनी नाव सांगितलं, दोन शब्दांत. ते मी इथे लिहीत नाही, कारण ग्रुपातली मंडळी हे वाचणार, आणि माझं शुद्धलेखन तपासत बसणार. नर्सरीवाल्याने डोक्याला हात लावला. "हे होय! माझ्याकडे मागच्या रांगेत चाळीस पिशव्या आहेत." बाबांनी त्या चाळीस पिशव्यांतून एक निवडायला सकाळचे तीन तास लावले. नर्सरीवाल्याने निघताना सल्ला दिला, "काका, शेंडे अधूनमधून खुडत जा, भरगच्च होईल." बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आत निघून गेला.

ठरलेल्या दिवशी आम्ही घर सोडलं. जुनं झाड घराबरोबर गेलं. बाबा ते बघायला थांबले नाहीत, मीही नाही.

याला आता वर्ष होत आलं. नवं झाड आमच्या गॅलरीत आहे. खुर्ची तीच, हातभर अंतरावर. ग्रुप चालूच आहे, दंतवैद्यांनी नियमात 'एकदाच' हा शब्द घातलाय. पाहुण्यांकडे पानं उलटी करणंही चालूच आहे.

गेल्या मंगळवारी मी चार वाजता लॅबमधून आले. चौदा तास उभी असल्यासारखे पाय भरून आले होते. एका हाताने चपला काढत, दुसऱ्या हाताने फोन बघत मी दारातच उभी होते. बाबा गॅलरीतून म्हणाले, "आज आलं होतं."

"हो का, छान," मी म्हणाले. आणि आत जायला निघाले.

बाबांनी फरशीवरून काहीतरी उचलून कुंडीत टाकलं आणि हात झटकले. त्यांना वाईट वाटलं असावं असं काही दिसलंही नाही. पण मी जे बोलले ते माझ्या कानांवर पडलं आणि माझा पाय तिथेच अडखळला. मी पिशवी खांद्यावरून न काढताच लॅबच्या मॅडमना फोन लावला आणि सांगितलं, उद्या दोन तास उशिरा येते. का म्हणाल्या. मी म्हटलं, घरचं काम आहे.

बुधवारी सकाळी सहाला मी दुसरी खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, थोडे सरकून बसले. कळी होती, घट्ट मिटलेली. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. सात वाजले तरी ती ढिम्म. माझी चिडचिड सुरू झाली. आजच बरं हिला उशीर करायचाय!

"अगं, थांब जरा," बाबा म्हणाले.

मी हात मांडीखाली घेतले आणि थांबले.